खारा बर्फ

थंडी आमच्याकडे अंगाला नंतर कळते, नाकाला आधी. रेवसच्या रस्त्याला, मिठागरांच्या अलीकडे, बांधाबांधावर भांबुर्डा माजलेला असतो. पावसाळाभर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. वालाच्या शेंगा भरायला लागल्या की मात्र त्याला भाव येतो, कारण त्याच्या पाल्याशिवाय पोपटी होत नाही. मडक्यात पाला, पाल्यावर शेंगा, शेंगांवर खडेमीठ आणि ओवा, वर पुन्हा पाला. मग ते मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. अलिबागहून काम संपवून घरी येताना कुठल्यातरी शेतातून तो उग्र, कडसर वास येतो आणि मी स्कूटर हळू करते. आला पौष, असं मनाशी म्हणते.

आमची थंडी ती केवढी! पण हौस दांडगी. सकाळी जरा धुकं पडलं की गावातली माणसं काश्मीरला निघाल्यासारखी कानटोप्या चढवतात, मफलर गुंडाळतात, आणि दहा वाजता घाम पुसत सगळं काखोटीला मारून हिंडतात. तरीही मला ही उसनी थंडी आवडते. मिठागरांवर धुकं उतरतं तेव्हा बांध कुठे संपला आणि पाणी कुठे सुरू झालं हे कळत नाही. एखादा बगळा उभा असतो, तोही अर्धाच दिसतो. सगळं जग कुणाला तरी अजून पूर्ण आठवलेलं नाही, असं वाटतं.

पौष म्हणजे आमच्यात भाकड महिना. लग्नं नाहीत. मांडववाले पत्ते कुटत बसतात, बेंजोवाल्यांची वाद्यं खोळी घालून कोपऱ्यात पडतात, नवऱ्या मुली माघाची वाट बघत हातापायांना दुधाची साय चोळतात. कुणालाही विचारा, पौषात लग्न लागत नाही. मी मात्र एक लागलेलं पाहिलं आहे. दरवर्षी हा वास आला की मी कपाटातून एक सीडी काढते. वेष्टणावर पांढऱ्या धुक्याचा फोटो, त्यावर हाताने लिहिलेली दोन नावं. वर ‘गारठा’, हे आमच्या बँडचं नाव. खाली ‘खारा बर्फ’, हे आमच्या एकुलत्या एका अल्बमचं. तुम्ही ऐकला नसेल. वाईट वाटून घेऊ नका, कुणीच ऐकलेला नाही.

आमचं गाणं कुठल्या जातीचं होतं हे सांगायला हवं. त्याला म्हणतात मेलोडिक ब्लॅक मेटल. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातलं हे संगीत. गिटार एका सुरावर इतकी भराभर छेडायची की सुरांची सर कोसळल्यासारखी वाटते. खाली ड्रम उधळलेले. आणि गायचं म्हणजे किंचाळायचं. पहिल्यांदा ऐकताना कुणीही कान झाकून घेतं. पण थोडं थांबलं, कानाला त्या कोलाहलाची सवय होऊ दिली, की आत खोलवर एक साधी, दुखरी चाल सापडते. ती पुन्हा पुन्हा येत राहते, बर्फ पडत राहावा तशी. माझा धाकटा भाऊ हर्षल याला कॉलेजात कुणीतरी असल्या गाण्यांनी भरलेला पेन ड्राइव्ह दिला आणि आमच्या घरातली शांतता तिथे संपली.

आम्ही ती गाणी लाँचवर ऐकायचो. मी तेव्हा मुंबईला शिकत होते, शनिवारी घरी यायचे. भाऊच्या धक्क्याहून रेवसला येताना हर्षल शेजारी असला की इयरफोनची एक वाटी त्याच्या कानात, एक माझ्या. हिवाळ्यात समुद्रपक्षी लाँचच्या मागे लागतात. माणसं शेवगाठ्या उडवतात आणि पांढऱ्या पंखांचा नुसता गोंधळ उडतो. हे पक्षी उत्तरेतून येतात, तिकडे बर्फ पडायला लागला की. कानात बर्फाची गाणी, डोळ्यांपुढे पांढरं उडणारं काहीतरी, आणि समुद्रावर धुरकट ऊन. आमच्या वाट्याचा बर्फ असा पंख लावून येतो, असं मी एकदा म्हणाले, तर हर्षल म्हणाला, “ताई, तुझ्या डोक्यावर बघ, बर्फ परला.” पक्षी शिटून गेला होता.

पण खरा बर्फ गावात होताच. नाझीमच्या अब्बांचा बर्फाचा कारखाना रेवस बंदराच्या वाटेवर होता. मासे धरायला जाणाऱ्या होड्या तिथून बर्फ भरायच्या. मोठ्या हौदात मिठाचं पाणी, त्यात पत्र्याचे उभे डबे सोडलेले, डब्यांत गोडं पाणी. मिठाचं पाणी गोठत नाही, नुसतं भयंकर गार होतं, आणि त्या गारव्याने डब्यातलं गोडं पाणी गोठून त्याची लादी होते. लाद्या ठेवायची खोली वेगळी. जाड भिंती, जाड दार, आत शिरलं की नाकातून वाफ. आमच्या मुलखात तोंडातून वाफ काढायची हौस भागवायची तर तीच एक जागा.

नाझीम हर्षलचा शाळेपासूनचा दोस्त. गिटार तो एकटाच बसून शिकलेला, आणि अब्बांना ती खोकल्यासारखी वाटायची. औषध घेतलं की जाईल. हर्षल लग्नसराईत एका बेंजो पार्टीत ड्रम वाजवायचा. पौषात त्या पार्टीला काम नाही, म्हणून ड्रम रिकामे. दुपारी होड्या बाहेर गेलेल्या असत आणि कारखान्याचं यंत्र थोडा वेळ निजलेलं असे, म्हणून खोलीही मोकळी. असा आमचा अल्बम पौषाच्या कृपेने जन्माला आला. लग्नं असती, तर हर्षल कुठल्यातरी वरातीत नाचणाऱ्यांपुढे घाम गाळत असता.

गायची मी. म्हणजे किंचाळायची. शिक्षण संपवून मी त्या वर्षी घरीच होते. सराव मिठागराच्या बांधावर, भर उन्हात, जिथे ऐकायला बगळ्यांखेरीज कुणी नाही. पहिल्या किंकाळीला बगळे उडाले. पुढे पुढे त्यांनी मान वळवायचीही तसदी घेतली नाही. आईच्या कानावर बातमी गेलीच. ती म्हणाली, “पोरीला बाहेरचं लागलंय.” बाबा म्हणाले, “लागलंय ते आतलंच हाय.” त्या वयात मला हे वाक्य फार आवडलं होतं.

आता हिराआत्या. बाबांची थोरली बहीण, दिलेलीही गावातच, आमच्या आळीच्या टोकाला. हिराआत्या धवलारीण होती. आगरी लग्नात भटजींच्या मंत्रांवर सगळं भागत नाही. मांडवाची मेढ रोवण्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो, आणि तो गाणारी ती धवलारीण. तिने गायल्याशिवाय हळद चढत नाही. शिकवणी नाही, पुस्तक नाही. कुणीतरी मागे बसून सूर धरत राहते आणि वर्षं गेली की तिच्याच तोंडी सगळं आलेलं असतं. चाल म्हणावी तर तीन-चार सुरांची. तेच ते सूर, पुन्हा पुन्हा, तास न् तास. लहानपणी त्या सुरांवर मी मांडवात आईच्या मांडीवर झोपून जायची. डोळा उघडायचा तेव्हाही आत्या गातच असायची; मधल्या वेळात नवरीच्या अंगावर नुसती हळद वाढलेली असायची.

त्या वर्षी दिवाळीपासून आत्याचा आवाज बसला. आधी घसा धरला म्हणून हळदीचं दूध झालं, मग काढा झाला. मशेरीचं बोट दातांवर फिरतच होतं. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरयंत्रात गाठ असल्याचं सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “माघापातूर थांबला तर?” डॉक्टर नाही म्हणाले. माघात लग्नं सुरू होतात. तिला एकदा, फक्त एकदा, मांडवात बसून सगळं गाऊन घ्यायचं होतं. आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख पडत होती भर पौषात.

घरी सगळ्यांचं एकच म्हणणं, आत्याचे धवले फोनवर भरून ठेवा. मीच फोन घेऊन तिच्यापुढे बसले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला जेवल्याशिवाय ढेकर द्यायला सांगत होते.

“लग्नाबिगर धवला म्हनायचा नस्तो, वैशे.”

“आत्या, पण मग राहील कसा?”

“न्हाय ऱ्हायला तर न्हाय ऱ्हायला. मांडव न्हाय, नवरी न्हाय, आनि मी हलद कोनाला लावू? तुझ्या फोनला?”

तिच्यामागून सूर धरणारी बाई लेकीकडे राहायला गेली होती, तिच्याही तोंडी अर्धेच होते. म्हणजे आत्याचा आवाज जाणार होता आणि त्याबरोबर गावाची सगळी लग्नं मुकी होणार होती. आत्या शब्दाची पक्की. ती रडली नाही, कुणाला रडू दिलं नाही. अंगणात बसून वालाच्या शेंगा निवडत राहिली. मला तेव्हा तिचा राग आला होता. एवढी मोठी गोष्ट हातातून निसटते आहे आणि ही नियमाला धरून बसली आहे! आज वाटतं, तो नियमच तिचा सूर होता. तो सोडून गायली असती तर ते गाणं दुसरंच कुणाचं झालं असतं.

त्या दिवसांत मी बर्फाच्या खोलीत जाऊन फार वाईट किंचाळले. म्हणजे फार चांगलं. नाझीम म्हणाला, “आज तुझ्या आवाजात कुछ तो है.”

मग एका दुपारी आत्या कारखान्यात आली. आम्ही भावंडं रोज दुपारी कुठे गायब होतो, हे बघायला आली असेल. किंवा घरात सगळे तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते तिला कंटाळली असेल. पदराखाली भाकरी आणि सुकटीची चटणी. दार ढकलून आत आली तेव्हा नाझीम गिटारवर आमच्या शेवटच्या गाण्याची चाल वाजवत होता. तीन-चार सूर, तेच ते, पुन्हा पुन्हा. आत्या दारातच उभी राहिली. तिच्या तोंडातून वाफ निघाली, ती वाफही तिने जरा वेळ बघितली. मग तिने हर्षलला विचारलं,

“कोनाचं लगीन चाललंय रं?”

हर्षल हसला. “आत्या, पौषात कसलं लगीन? आमचं गानं हाय.”

“ही चाल लग्नाची हाय.”

नाझीम गडबडला. म्हणाला, “आत्या, ही चाल मीच बनवलीय. कसम से.” आणि त्याने खरंच बनवली होती. पण त्याचं घर आमच्या आळीला लागून. दर लग्नसराईत खिडकीतून येणारे ते सूर ऐकत तो अभ्यास करायचा, ऐकत झोपायचा. उत्तरेकडची दुःखी चाल शोधायला गेला आणि आपल्या खिडकीतून आलेली घेऊन आला. त्याला पत्ताच नव्हता. मलाही नव्हता.

आत्या आत आली. लाद्यांवरून हात फिरवला, बोटं ओठांना लावली. “अलनी हाय,” म्हणाली. नाझीमने सांगितलं, बर्फ गोड्या पाण्याचा, पण तो होतो मिठाच्या पाण्यामुळे. मीठ नसेल तर बर्फ नाही. आत्या मिठागरवाल्यांची लेक. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, आयुष्यभर मीठ ओढलेलं. मग कोपऱ्यातल्या मिठाच्या गोणीकडे बघत म्हणाली,

“म्हंजी मीठ आमच्या घरचं, बर्फ तुमच्या घरचा. आनि यांचं लगीन अजून कोनी लावलं न्हाय?”

मी म्हणाले, “आत्या, पौष आहे.”

“पौष मान्सांना. मिठाला न् बर्फाला कसला आलाय पौष?”

हे तिने इतक्या सहज म्हटलं की आम्हाला हसावं का रडावं कळेना. आपला नियम तिने मोडला नाही. तिने नवरा-नवरी शोधली. पुढचा तासभर ती खोली लग्नघर झाली. हर्षलने लादी ओढून लाकडी फळीवर बसवली. नाझीमने मिठाची मूठ ताटलीत घेतली. मी घरी धावत जाऊन हळद, तांब्या आणि पळीपंचपात्र आणलं, आईने विचारलं तर थाप मारली. आत्या म्हणाली, बर्फ ही नवरी. “हात लावला का पानी होती, पोरगीच ही.” मीठ नवरदेव. अब्बांकडून चहाच्या किटलीत ऊनऊन पाणी मागवलं, हळद कालवायला. अब्बा स्वतः किटली घेऊन आले आणि काय चाललंय ते न विचारता दाराशी उभे राहिले. आत्या लग्न लावतेय म्हटल्यावर त्यांनी नुसता डोक्यावर रुमाल टाकला. नाझीमने माइक पुढे केला. या वेळी आत्याने माइककडे पाहिलंही नाही. तिला मांडव मिळाला होता.

आणि ती गायली. तो आवाज कसा सांगू? गोडवा केव्हाच गेलेला. उरलेलं होतं ते खरखरीत, चिरलेलं, वाळूवरून होडी ओढावी तसं. मी वर्षभर घसा खरवडून जो आवाज काढायला धडपडत होते, तो हा. माझा नुसता सराव होता.

“सोन्याची दिवली गो, लाव आगराच्या बांधाला,
मीठ नवरदेव आयला, गारठ्याच्या मांडवाला.”

मेढ झाली, तेलवण झालं. प्रत्येक विधीचा धवला तसाच, नेहमीचा, फक्त नवरा-नवरीच्या नावाच्या जागी मीठ आणि बर्फ. मग हळद आली. आत्याने तांब्यातलं ऊन हळदपाणी ओंजळीत घेतलं आणि लादीवर सोडलं.

“हलद लावा गो...”

कट्! लादी आतून तडकली. एवढा स्वच्छ, एवढा मोठा आवाज की हर्षल दचकून मागे सरला. बर्फाच्या पोटात एक पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत धावली. आत्या थांबली. श्वासभर थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. चोरून लाजणाऱ्या नवरीकडे बघून धवलारणी हसतात, तसंच. मग तिने ओळ पुरी केली.

“...बर्फाच्या अंगाला,
पानी व्हईल नवरी, सांगू नका कोनाला.”

पाठवणीच्या वेळी तिने ताटलीतलं मीठ लादीवर ओतलं. मीठ आणि बर्फ दोघंही पाझरायला लागली. आत्या म्हणाली, “बगा. दोघंव पानी झाली. कोन कोनाच्या घरी नांदायला गेला, काय कलत न्हाय. असं लगीन मी उभ्या जन्मात लावलं न्हवतं.” अब्बांनी दाराशी उभ्याउभ्या हात उचलून दुवा केली. खोलीत आम्ही पाच माणसं, आणि पाचांच्याही तोंडातून वाफा. मला अजून स्वप्नात ती खोली दिसते. स्वप्नात ती आहे त्याहून मोठी असते आणि भिंतींच्या जागी धुकं असतं, पण हळदीचा वास अगदी खरा येतो.

त्या सांजेला शेतात पोपटी लावली. आत्या खूप बोलली. गावातल्या सगळ्यांच्या कुचाळक्या केल्या, जुनी भांडणं पुन्हा काढली, बाबांना लहानपणी काय म्हणून चिडवायचे तेही सांगून टाकलं. साठवलेलं सगळं खर्च करून टाकावं तशी बोलत होती. मडक्यावर पाणी शिंपडून, चर्र आवाज ऐकून, “झाली, काढा,” असं तिनेच सांगितलं. शेंगा सोलताना वाफेने सगळ्यांचे चेहरे धुरकट झाले होते. कुणी कुणाकडे नीट बघत नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही लाँचने तिला मुंबईला नेलं. पक्षी होतेच मागे. शस्त्रक्रियेला आत नेताना मी तिचा हात धरला. मला वाटलं, ती काहीतरी मोठं बोलेल. शेवटचं वाक्य म्हणून आयुष्यभर जपता येईल असं. आत्याने मला जवळ ओढलं आणि त्या चिरक्या आवाजात म्हणाली, “पोपटीला मीठ कमी परलं व्हतं, वैशे.” मग स्ट्रेचर आत गेलं.

आत्या वाचली. आवाज गेला.

नाझीमने पुढचे महिने कॉम्प्युटरसमोर बसून अल्बम जुळवला. शेवटचं गाणं लांबच लांब, त्यात आत्याचं सगळं लग्न पहिल्यापासून पाठवणीपर्यंत, आणि त्याभोवती त्याची गिटार. मी त्या गाण्यात एकदाही किंचाळले नाही. आम्ही अल्बम इंटरनेटवर टाकला, थोड्या सीडी काढल्या, आणि जग हादरायची वाट बघत बसलो. जगाने कूसही बदलली नाही. शिव्या द्यायलाही कुणी आलं नाही. कितीतरी दिवसांनी बर्फाच्या देशातल्या कुणा अनोळखी माणसाने खाली दोन ओळी लिहिल्या. शेवटचं गाणं गाणारा म्हातारा कोण, एवढा गार आवाज आपण आपल्याकडेही ऐकला नाही, असं त्याने विचारलं होतं. मी ते आत्याला वाचून दाखवलं. म्हातारा म्हटल्यावर तिचे खांदे गदगदा हलले. तिचं हसणं आता असं, आवाजाविना.

डॉक्टरांनी तिला बोलण्यासाठी एक यंत्र दिलं होतं. गळ्याला लावलं की डब्यातून आल्यासारखा एकसुरी आवाज निघायचा. तिने ते एकदा लावलं, स्वतःलाच ऐकलं, आणि पिठाच्या डब्यात ठेवून दिलं. टाळ्या, चुटक्या, डोळे आणि भांड्यांचा आवाज, एवढ्यावर तिचा संसार चालतो. कुणाला कमी पडलेलं दिसत नाही. मात्र आमचा अल्बम तिने कधी ऐकला नाही. मी लावायला गेले की हाताने नको म्हणायची. लग्न होऊन गेल्यावर त्याच लग्नाचा धवला पुन्हा ऐकायचा नसतो, असं काहीसं तिच्या मनात असावं. की दुसरंच काही, कुणास ठाऊक.

गारठा विरला. नाझीम आखातात गेला. तिकडे तो माशांच्या मोठ्या शीतगृहात काम करतो. वाळवंटात थंडी सांभाळतो, असं तो फोनवर म्हणतो. अब्बांनी कारखाना भाच्याकडे दिला. मी अलिबागला नोकरीला लागले, लग्न केलं, तेही गावातच. माझ्या लग्नात धवला झाला नाही. हळदीला स्पीकरवर सिनेमाची गाणी वाजली आणि आत्या हळदीचं ताट धरून मुकाट उभी राहिली. तिची बोटं ताटाच्या कडेवर हलत होती. ते मला बघवेना. त्यानंतर मी रोज कामावर जाता-येता ते शेवटचं गाणं ऐकायला लागले. गिटारीच्या कोसळत्या सरीतून एकेक शब्द वेचून काढला. मिठाच्या आणि बर्फाच्या जागी माणसांची नावं घातली. कुणाला सांगितलं नाही. मिठागराच्या बांधावर, जिथे पूर्वी किंचाळायची, तिथेच उभी राहून म्हणून पाहायचे. बगळ्यांनी ओळख दाखवली नाही.

मग हर्षलचं लग्न ठरलं, माघात. हळदीच्या आदल्या दिवशी मी आईला म्हणाले, “धवला मी म्हणते.” आईने पहिल्यांदा आत्याकडे पाहिलं. आत्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मान हलली नाही, होकारालाही नाही आणि नकारालाही नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. शिकले होते ते एका मशिनीतून, तिच्यामागे बसून नाही. तिने मांडवात तोंड फिरवलं असतं, तर गाणं तिथेच संपलं असतं. माझ्यापुरतं नव्हे, गावापुरतं.

मांडव भरला होता. दुपारचं ऊन कापडातून गळत होतं, बायका पदराने वारा घेत होत्या. आत्या पुढेच बसलेली, मांडीशी हळदीचा तांब्या. मी सुरू केलं. मेढीचा धवला झाला, तेलवणाचा झाला. म्हाताऱ्या बायकांच्या माना हळूहळू डोलायला लागल्या, मागून दोघींनी सूर धरला. हळद आली.

“हलद लावा गो...”

आणि मी थांबले. श्वासभर. अल्बममध्ये आत्या तिथे थांबते, म्हणून मीही थांबले. ती चालच तशी आहे असं इतक्या वर्षांत माझ्या अंगात भिनलं होतं. मागच्या बायका पुढे गेल्या आणि गोंधळून परत आल्या. कुणीतरी कुजबुजलं, “इसरली गो.” पुढचे शब्द ओठांवर होते, तरी तोंड उघडेना, कारण थांबणं अजून पुरं झालेलं नव्हतं. काहीतरी यायचं होतं. कशाची वाट बघतेय, हे माझं मलाही कळत नव्हतं.

आत्याने वर पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यांत. मग बोटातली चांदीची अंगठी तिने तांब्यावर आपटली.

कट्!

तिचे खांदे गदगदा हलत होते. गालांवरून पाणी वाहत होतं. आणि मी ओळ पुरी केली, नवरदेवाच्या अंगाला.

त्यानंतर गावातल्या बहुतेक हळदींना मीच गाते. माझ्या मागे बसून दोन मुली सूर धरतात. त्याही त्या ओळीला बरोबर थांबतात, का थांबायचं हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना वाटतं, धवला असाच असतो. आत्या आता थकली आहे, पण पुढच्या रांगेतली जागा सोडत नाही. आज येताना वालाच्या शेंगा घेऊन आले, उद्या शेतात पोपटी लावायची आहे. आत्याने शेंगांची पिशवी उघडून पाहिली आणि चिमूट उचलून दाखवली. मीठ जास्त घाल, म्हणते. माघात पहिलंच लग्न आमच्या आळीत आहे. मांडवात माणूस माणसाला चिकटून बसेल, पंखे गरम वारा ढवळतील, मी ‘हलद लावा गो’ म्हणून थांबेन, आणि हिराआत्या बर्फ फोडेल.